आक्काचं रडणं आणि माझा प्रबंध

आक्काची मेस महिन्यातून दोन-तीनदा तरी बंद असायची आणि कारण दर वेळी एकच असायचं. कुणीतरी मेलेलं असायचं. दाराच्या कडीला दोरीनं पुठ्ठ्याचा तुकडा टांगलेला, त्यावर स्केचपेननं लिहिलेलं: 'आज मेस बंद. मयत हाय.' नांदेडच्या त्या गल्लीत आम्ही पंधरा-वीस मुली आक्काकडं जेवायचो. नर्सिंगच्या, डी.एड.च्या, स्पर्धा परीक्षेच्या, आणि तौलनिक साहित्याची मी एकटी. दारात येऊन पुठ्ठा पाहिला की पोटात कावळे ओरडत असताना गेलेल्या माणसाबद्दल काडीचं दुःख वाटायचं नाही. "हिच्या नात्यातली माणसं संपत कशी नाहीत?" असं नर्सिंगची एक मुलगी दातओठ खात म्हणायची. मग कोपऱ्यावरच्या गाड्यावर भजी खाऊन आम्ही दिवस काढायचो.

ती सगळी काही नात्यातली नव्हती. आक्का मूळची उदगीरकडची. तिकडं कन्नड मुलुख हाकेच्या अंतरावर, त्यामुळं थोरल्या बहिणीला आक्का म्हणायची रीत. ही मात्र कुणाचीही कुणी नसताना सगळ्यांची आक्का झालेली. उदगीरपासून लोह्यापर्यंत कुठंही माती असली, म्हणजे कुणाचा अंत्यविधी असला, की आक्काला फोन यायचा. ती पोचेपर्यंत तिरडी तास-दोन तास थांबवून ठेवायचे. ती आली, बसली, तिनं तोंड उघडलं, की मग त्या घराचं रडणं सुरू व्हायचं.

आमच्याकडं जुन्या बायका नुसत्या रडत नाहीत, बोल लावून रडतात. मेलेल्या माणसाला हाक मारतात, त्याचे गुण सांगतात, त्याच्याशी भांडतात, काय काय राहून गेलं ते त्यालाच विचारतात, आणि हे सगळं एका लांबलचक हेलात. एकीनं असे बोल लावले की बाकीच्यांना मोकळं रडता येतं. बोल लावणाऱ्या बायका आता गावोगावी कमी झाल्या, आणि उरल्या त्यांच्यात आक्कासारखी दुसरी नव्हती. नव्हती असं मी म्हणते खरं, पण आक्का आजही आहे, धडधाकट आहे, मातीला जाते, बायकांत बसते. फक्त तिला बोल येत नाहीत. ते माझ्या पीएच.डी.त गेले. कुणाला हे सांगितलं की लोक म्हणतात, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. मी लावून घेतलेलं आहे, आणि त्यावर आता काही उपाय नाही, हेही मला माहीत आहे.

मयतीला जाणारी बाई म्हटल्यावर जी पडलेल्या चेहऱ्याची बाई डोळ्यांसमोर येते, तशी आक्का मुळीच नव्हती. ठेंगणी, रुंद, अंगावर इरकल, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, आणि हसणं असं की गल्लीच्या टोकाला कळावं आक्का कुणाची तरी फिरकी घेतेय. मला ती 'मास्तरीण' म्हणायची. मी तेव्हा कुठंच शिकवत नव्हते. "कव्हा तरी व्हशीलच की," ती म्हणायची, "आतापासून सवय करून घे, न्हाईतर पोरं टिंगल करतील." माझ्या ताटात ती न विचारता एक भाकरी जास्त टाकायची. कारण विचारलं तर म्हणायची, "तू वाचतीस. वाचलं की भूक लागती, मला ठावं हाय." ती स्वतः दुसरीपर्यंत शाळेत गेलेली.

मयतीचा फोन आला की ती चुलीपाशीच उकिडवी बसून चौकशी करायची, आणि ती चौकशी ऐकण्यासारखी असायची. "कशानं गेली ते राहू दे. भाकर करताना बोलायची का गप गुमान करायची? सुनंला नावानं हाक मारायची का 'ए' म्हनायची? लुगडं कोन्त्या रंगाचं लई घालायची?" पलीकडचा माणूस वैतागायचा. आक्का फोन ठेवून आम्हाला सांगायची, "मेलं कसं हे समदेच सांगत्यात. जगलं कसं ते इचारावं लागतं." मग पुठ्ठा टांगून ती बसस्टँडकडं निघायची.

आणि परत आली की तिला काहीही आठवत नसायचं. ही गोष्ट मला पहिल्यांदा खोटी वाटली होती. लोह्याजवळच्या एका गावात तिनं एका म्हातारीला असे बोल लावले की वीस वर्षं अबोला धरलेल्या दोन जावा एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गाव महिनाभर बोलत होतं. मी विचारलं, "आक्का, असं काय म्हणालीस तू?" ती कणीक मळता मळता म्हणाली, "मी काय म्हनले? मला काय ठावं? तोंड उघडलं की येतंय, मिटलं की जातंय." मी पुन्हा खोदून विचारलं तेव्हा ती खरोखर गोंधळली. तिच्या डोक्यात त्या तासाभराची जागा रिकामी होती.

तिचा नवरा उदगीरकडं चार एकर बघायचा. तिच्या तोंडून ऐकून ऐकून आम्ही मुलीही त्याला मालक म्हणायला लागलो, जरी मेसचा सगळा कारभार आक्काचा होता. मालक पंधरा दिवसांतून एकदा एसटीनं ज्वारीचं पोतं आणि तुरीची डाळ घेऊन यायचे आणि ओसरीवर बसून राहायचे. त्यांना बोलताना मी फारसं ऐकलं नाही. आक्का आतून ओरडायची, "अहो, जेवलाव का?" तर बाहेरून यायचं, "हाव." "उद्या निघताव का?" "हाव." आक्का आम्हाला म्हणायची, "ह्यांच्या वाटनीचं मीच बोलून राहिले चाळीस वर्सं." मालक हे ऐकून नुसते गालात हसायचे.

आता माझ्या विद्येबद्दल. आमच्या विभागात आम्ही मोजून चार-पाच विद्यार्थी होतो आणि आमचा विषय लोकांना समजावून सांगता सांगता आमची अर्धी शक्ती जायची. तौलनिक साहित्य म्हणजे साधारणपणे एका पारड्यात विलायत आणि दुसऱ्यात आपण. माझ्या मार्गदर्शक सरांना ते मान्य नव्हतं. ते आम्हाला इराकच्या, घानाच्या, कोरियाच्या, सुदानच्या गोष्टी वाचायला लावायचे आणि त्या थेट आपल्याकडच्या गोष्टींशेजारी ठेवायला लावायचे. "लोह्याहून मुदखेडला जायचं तर मुंबईवरून जाता का तुम्ही?" असं ते विचारायचे. मला हे इतकं पटलं की मी विषय घेतला: इराक, घाना आणि मराठवाडा इथल्या स्त्रियांची शोकगीतं. लोह्याला घरी सांगितलं तर माझा भाऊ म्हणाला, "रडन्यात पीएच.डी.? मंग तू तर जन्मल्यापासून डॉक्टर हायस."

आक्का भाकरी थापायची तेव्हा मी उलट्या डब्यावर बसून तिला वाचून दाखवायचे. अरबीचं कुणीतरी केलेलं इंग्रजी, त्या इंग्रजीचं माझं मराठी, आणि त्या मराठीचं पुन्हा आक्काला कळेल असं काहीतरी. एवढ्या हातांतून जाऊनही गोष्ट तिच्यापर्यंत पोचायची. तिचा प्रश्न मात्र प्रत्येक गोष्टीला एकच. गोष्टीत कुणी रडलं, की ती हात थांबवून विचारायची, "तिला पानी कुनी दिलं?" आमच्याकडं बाई रडून रडून दमली की दुसरी तांब्या आणते, चूळ भरायला लावते, तोंडावर पाणी मारते, पुरे म्हणते. कोरियातल्या एका कादंबरीत एक बाई आपल्या फ्लॅटमध्ये एकटीच वडिलांसाठी रडत होती. आक्काला ते सहन होईना. "दार कुनी वाजवलं न्हाई? मंग ती थांबली कशी?"

हे मी सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "रडणं सुरू कसं होतं यावर सगळे लिहितात. थांबवतं कोण, हे आजवर मला कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. त्यातून माझं एक अख्खं प्रकरण उभं राहिलं. आणि त्याच दिवशी माझ्या डोक्यात शिरलं की माझ्या प्रबंधातला मराठवाडा रोज माझ्यासमोर भाकरी थापत बसलेला आहे.

मी तिला म्हटलं, "आक्का, मला थोडे बोल लावून दाखव ना, मी रेकॉर्ड करते." ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी तिच्या चुलीत पाणी ओतलंय. "येडी हायस का? जित्या घरात बोल लावत्यात व्हय? समद्या पोरी हितं जेवत्यात. कुनाच्या घरावर घालू ते?" कुणी मेलं नसताना बोल लावले तर ते मरण शोधत फिरतात, अशी आमच्याकडची समजूत. मी शिकलेली, मी काही हे मानत नव्हते, पण मीही तो विषय तिथंच सोडला. खऱ्या मयतीत मोबाईल लपवून न्यायचा विचार एकदा मनात आला. सरांनी तो ऐकताच झिडकारला. "तिथं वही काढायची नाही, फोन काढायचा नाही. नसेल मिळत तर नसू दे." वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. इराक झालं, घाना झालं, मराठवाड्याचं प्रकरण कोरं. मुदत संपत आली आणि मी जेवता जेवता डोळे पुसायला लागले. आक्का ते बघत होती.

अशात मी तिला एका आफ्रिकी लेखिकेची छोटी कादंबरी वाचून दाखवत होते. डोक्यावर मीठ घेऊन गावोगाव विकणारी एक बाई. दुष्काळात ती घर सोडून परमुलखातल्या शहरात जाते, तिथली बोली तिला येत नाही, आणि एका सरकारी दवाखान्याच्या पायरीवर ती मरते. लोक तिला पुरतात. तिचं नावही कुणाला माहीत नसतं. मी पुस्तक मिटलं. आक्काची तव्यावरची भाकरी करपली, तरी ती उलटेना.

"मंग तिला रडलं कोन?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही."

"लेक न्हवती? भन?"

"होती. पण त्यांना कळलंच नाही."

आक्का त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या दारात उभी. "चल," ती म्हणाली. "तिला रडते मी. ती मेली हाय, आन् तिला कुनी रडलं न्हाई. ह्यात खोटं काय न्हाई. पन घरात न्हाई, नदीवर." मला त्या क्षणी जो आनंद झाला तो आठवला की आज मला माझीच लाज वाटते.

गोदावरीच्या घाटावर जिथं लोक दहाव्याचे विधी करतात तिथं आम्ही गेलो. आक्कानं डोक्यावरून पदर घेतला, पायरीवर बसली, आणि तोंड उघडलं. मी तिच्या पदराशी फोन धरून बसले. आवाज तिचा होता, पण मी रोज ऐकायचे तो नव्हता. "माय माझे, मिठाचं गठुडं डोईवर, उतरू लागाया कुनी न्हवतं गं... परक्या गावात पानी मागितलंस, कोन्त्या बोलीत मागितलंस गं माय... तुझ्या गावची वाट मला ठावी असती तर सांगावा धाडला असता गं, तुझ्या लेकीला उठवलं असतं..." पलीकडं दुसऱ्या एका घरचा दहावा चालला होता. त्यातली एक म्हातारी उठून जवळ आली. "कोन होती बाई?" तिनं मला हळूच विचारलं. बोल थांबल्यावर आक्कानंच सांगितलं, "मीठ इकायची. परगावात गेली." म्हातारीनं विचारलं, "कुनी न्हवतं जवळ?" आक्कानं मान हलवली. ती म्हातारी तिथंच खाली बसली आणि कधी न पाहिलेल्या, कुठंच नसलेल्या त्या बाईसाठी रडायला लागली. माझ्या सगळ्या शिक्षणात मी त्याहून मोठं काही पाहिलेलं नाही. तिथं मी फोन बंद करून घरी जायला हवं होतं आणि ते रेकॉर्डिंग कुणाला न दाखवता ठेवून द्यायला हवं होतं.

पण प्रबंधाला शब्द लागतात. हेलात अर्धे बोल कळत नव्हते. मी रेकॉर्डिंग दहादा ऐकलं, कागदावर गाळलेल्या जागाच जास्त. मग मी आक्काच्या कानांना हेडफोन लावले. म्हटलं, तूच सांग काय म्हणालीस. ती ऐकायला लागली आणि काही वेळानं मला विचारते, "ही कोन रडून राहिली?"

"आक्का, तूच."

तिनं हेडफोन काढून परातीत ठेवले. मग म्हणाली, "माझा आवाज असा हाय?" त्यात कौतुक नव्हतं आणि नाराजीही नव्हती. पण दुपारी ती आपणहून आली. "लाव पुन्यांदा."

पुढचे दोन महिने रोज दुपारी आम्ही ते ऐकत होतो. शब्द लागले. मग मी तिला दाखवलं की बघ, तुझ्या रडण्याचे पाच भाग आहेत: हाक, गुण, राग, मागणं आणि निरोप. इराकच्या बायकांत राग आधी येतो, घानाच्या बायका आधी मेलेल्याचं कूळ सांगतात. मी वहीत प्रत्येक भागाला वेगळा रंग दिला. आक्का लहान मुलीसारखी खूश झाली. तिला आयुष्यात कुणी बसवून काही शिकवलं नव्हतं. "ह्यो राग हाय. हिरवा कर," ती बोट ठेवून सांगायची. "हितं मी दम घेतला. हितं घ्यायला नगं होता." जेवायला आलेल्या मुलींना ती अभिमानानं सांगायची की तिच्या रडण्याचे पाच भाग आहेत आणि घानाच्या बायकांचे बी हायत. तिला आनंद होत होता, मला आनंद होत होता, आणि काय होत चाललंय हे आम्हा दोघींनाही कळत नव्हतं.

तोंडी परीक्षेला मी तिला बोलावलं. इरकल नेसून ती शेवटच्या खुर्चीत बसली. बाहेरून आलेले परीक्षक भले गृहस्थ होते. त्यांनी मुद्दाम तिला विचारलं, "बाई, रडताना तुम्हाला हे भाग ठाऊक असतात का?" आक्का उभी राहिली. "आदी न्हवते ठावं. आता हायत. हिनं शिकवलं," ती म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझे कान गरम होतात.

महिनाभरानं माझी चुलती वारली. आक्का लोह्याला आली, बसली, पदर घेतला, आणि सुरुवात केली. शब्द सगळे नीट होते. चुलती दळता दळता जात्यावरच कोसळली होती तेही होतं, तिच्या हातचं पिठलंही होतं. पण बायका पदर तोंडाला लावून नुसत्या बसून राहिल्या. कुणी हुंदका दिला तो आपापला. निघताना एक म्हातारी आक्काला म्हणाली, "आक्का, आज भाशन केल्यावानी झालं बग." आक्का हसली. मला वाटलं, वय झालं, दगदग झाली असेल.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. अर्धी वाट सरल्यावर तिनं माझा हात धरला. "मास्तरीण, मी हाक मारली आन् मला ऐकू आली," ती म्हणाली. "आदी कव्हा येत नव्हती. मंग मनात आलं, हाक झाली, आता गुन. गुन सांगून राहिले तर वाटलं, आता हिरवं. मधीच वाटलं, हितं दम घेऊ का नगं. तुझी चुलती समोर पडली हाय आन् मी माझंच ऐकून राहिले." तिनं माझा हात आपल्या कानाला लावला. "ते काढ गं माझ्या कानातून." तिच्या कानात काहीच नव्हतं. मी कानावरून हात फिरवत राहिले, दुसरं काय करणार?

मी काय काय करून पाहिलं ते सांगायला हसू येतं. मी तिला म्हटलं, विसरून जा. ती म्हणाली, कसं इसरू ते बी शिकीव. मी तिच्या फोनवर उतरवून दिलेलं रेकॉर्डिंग काढून टाकलं, रंगीत वही लोह्याला नेऊन ठेवली, त्या विषयावर बोलणं बंद केलं. मी बोलत नाही हे पाहून तिला तेच जास्त आठवायचं. ती आणखी चार-पाच ठिकाणी गेली. एका ठिकाणी मधेच थांबली आणि 'चुकलं' म्हणाली. मयतीत कुणी 'चुकलं' म्हणतं का? त्यानंतर फोन येणं कमी होत गेलं. नव्या मुली आता आक्काच्या मेसचं कौतुक करतात, एक दिवस खाडा नाही म्हणतात.

सरांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते तरी काही सुचवतील. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "फार महत्त्वाचं निरीक्षण आहे. यावर स्वतंत्र लेख होईल तुमचा." सर माणूस म्हणून चांगले आहेत, त्यांच्यामुळं मी घडले, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीतून न सांगता उठून आले. तो लेख मी लिहिला नाही. त्याच्याऐवजी हे लिहितेय, आणि यानंही काही होणार नाही.

लातूरला एका महाविद्यालयात मला तासिका मिळाल्या. आक्कानं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि म्हणाली, "झालीस ना मास्तरीण? मी म्हनलं नव्हतं?" तिच्या बोलण्यात राग शोधायचा मी प्रयत्न केला. राग असता तर मला बरं वाटलं असतं. लातूरमध्ये मी शोकगीतांचा तास घेते तेव्हा मुलं निमूटपणे पाच भाग उतरवून घेतात आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहितात. मी पूर्ण गुण देते.

गेल्या हिवाळ्यात दुपारी वर्गात असताना आक्काच्या पुतण्याचा फोन आला. मालक गेले. हरभऱ्याला पाणी देता देता बांधावर बसले आणि उठलेच नाहीत. मी तशीच उदगीरची बस पकडली.

घर बायकांनी भरलं होतं. आजूबाजूच्या गावांहून म्हाताऱ्या आलेल्या. जिच्या जिच्या घरी आक्का कधीतरी रडली होती त्या झाडून सगळ्या. त्या एकमेकींना हळू आवाजात म्हणत होत्या, "आज तरी बोल येतील तिला. स्वतःचं मानूस हाय." आमच्याकडं नवरा गेला आणि बायकोला बोल लावता येत असतील, तर तीच पहिला बोल लावते, तिच्याआधी कुणी लावत नाही. त्यामुळं सगळ्या आक्काकडं बघत थांबल्या होत्या. ती मालकांच्या डोक्याशी बसली होती. तिनं पदर पुढं ओढला आणि हाक मारली. "अहो..." आणि थांबली. मला दिसलं, तिनं मान किंचित वाकडी केली, पलीकडच्या खोलीत कुणी बोलत असावं तशी. तिनं पुन्हा हाक मारली. "अहो..." पुन्हा थांबली. मग तिची नजर बायकांवरून फिरत फिरत माझ्यावर आली आणि तिनं हातानं मला जवळ बोलावलं.

मी तिला खेटून बसले. ती माझ्या कानाशी बोलायला लागली, रोजच्या, भाकरी थापतानाच्या आवाजात. "ह्यांनी मला कव्हा नावानं हाक न्हाई मारली. आडावर मी वाकले की मागं येऊन उभं राहायचे, मी पडंन म्हनून. थोरला लेक गेला तव्हा हे तीन दिस गोठ्यात बसले, बैलापाशी. माझ्यासमोर न्हाई रडले. मेस टाकते म्हनले तर गाव हसलं, आन् हे रातोरात माझ्यासाठी चूल घालून बसले. समदं हाय गं माझ्यापाशी. एकेक हाय. पन वर येऊन न्हाई राहिलं." तिचे डोळे कोरडे होते. ती जे सांगत होती त्यातला कुठला गुण, कुठला राग, कुठलं मागणं, हे माझ्या डोक्यात आपोआप लागत चाललं होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

"तू लाव," ती म्हणाली.

"काय?"

"बोल लाव. तुला पाची ठावं हायत. तू शिकलीस. मी सांगितलं ते समदं घे आन् लाव. ह्यांना असंच कसं जाऊ देऊ?"

बायकांनी ते ऐकलं. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. एका म्हातारीनं मला जागा व्हावी म्हणून आपले पाय आखडून घेतले. मी तोंड उघडलं. तीन मुलखांच्या बायका कशा रडतात ते मला पाठ होतं. मालकांना काय म्हणून हाक मारायची एवढंच मला सुचेना. मी तशीच, तोंड उघडं ठेवून, किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही.

"आक्का, मला नाही येत गं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं, माझंच कुणी गेल्यासारखं. बाहेरून पुरुषांनी विचारलं, "उचलायचं का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"उचला," आक्का म्हणाली.